सोसायटीतल्या काळ्या नावाच्या कुत्र्याचा फोटो एडिट केला आणि तो कोणाला ओळखूच येईना. एडिटिंग नक्की किती करावं?

घाटवाट

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

चारेक वर्षं झाली हौस म्हणून फोटो काढतोय. निकॉन डी५६०० कॅमेरा, त्यावर १८-१४० ची झूम लेन्स आणि एक ३५ एमएमची प्राइम (झूम न होणारी), एवढंच सामान. आधी नुसते किल्ले चालू होते, मग गेल्या सप्टेंबरात स्पिती केलं, शिमल्याकडून वर चढत कल्पा, नाको, ताबो, काझा आणि परतताना कुंझुम ला ही खिंड ओलांडून मनालीला उतरलो. निघताना डोक्यात डोंगर आणि गोम्पा (बौद्ध मठ) होते पण घरी येऊन कार्ड रिकामं करायला बसलो तर निम्मे फोटो कुत्र्यांचे! काझाच्या बाजारात उन्हात आडवे पसरलेले, की गोम्पाच्या पायऱ्यांवर बसलेले, आणि लांग्झाला त्या मोठ्या बुद्धमूर्तीपाशी एक दाट केसांचा काळा-तांबूस दांडगा गडी होता तो तर अर्धा तास माझ्या शेजारी बसून नुसता दरीकडे बघत होता. राजगडालाही तेच झालं. गुंजवण्यातून एक पांढरी कुत्री आमच्याबरोबर निघाली, चोरदरवाजाच्या खालच्या कातळावर आम्ही रेलिंग धरून धरून चढतोय तोवर ही वर जाऊन खाली वाकून बघतेय, रात्री पद्मावतीच्या देवळाबाहेर झोपली आणि सकाळी सुवेळा माचीवर आमच्या आधी हजर.

तर तेव्हापासून कुत्र्यांचे पोर्ट्रेट हाच नाद लागलाय आणि जोडीला एडिटिंगचा. लांग्झाच्या गड्यामागे मी आकाशगंगा लावली (फोटो दुपारचा होता). राजगडावर सकाळी सगळं धुकं होतं, मागे नुसता पांढरा पडदा, तिथे केशरी सूर्योदय टाकला (दोन्ही फोटो खाली जोडलेत). लोकांना आवडतात हे, लाइक्सही भरपूर येतात.

आता खरा मुद्दा. आमच्या सोसायटीच्या गेटवर काळ्या नावाचा कुत्रा असतो, वॉचमन काका गेली सात-आठ वर्षं त्याला सांभाळतायत, आपल्या डब्यातली अर्धी भाकरी त्याची. काका दिवाळीनंतर कायमचे गावी जाणार आहेत, काळ्यालाही नेणार आहेत. म्हटलं त्यांना काळ्याचा एक मोठा फोटो प्रिंट करून फ्रेम करून द्यावा. दोन रविवार घालवून फोटो काढले, मग तीन रात्री बसून एडिट केला. पाठीवर तांबूस झाक होती ती काढून केस एकदम काळेभोर केले, हनुवटीवरचे पांढरे केस काढले, डाव्या कानाची कडा फाटलेली होती ती हीलिंग ब्रशने भरून काढली, डोळे उजळले, मागची पार्किंग काढून गडद बॅकग्राउंड दिलं. मला वाटतं आजवरचा माझा सगळ्यात स्वच्छ फोटो तो असेल.

काकांना मोबाइलवर दाखवला. त्यांनी हात पुसून फोन घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "झ्याक आलाय फोटू. कुनाचा हाय ह्यो कुत्रा?"

मला पुढे बोलताच येईना. तेव्हापासून एकच डोक्यात आहे की मी नक्की काय चुकलो, आणि थांबायचं कुठे हे तुम्ही लोक कसं ठरवता? शिवाय काळा कुत्रा मुळात नीट येतच नाही कॅमेऱ्यात, एकतर राखाडी दिसतो नाहीतर डांबराचा गोळा, त्यावरही सांगा. प्रिंटला अजून तीन आठवडे आहेत.

रॉ_फाईल

घाटवाट, स्वागत, आणि काकांसाठी एवढं करताय हे वाचूनच बरं वाटलं. आधी काळ्या रंगाचं बोलतो कारण ते सोडवता आलं की निम्मं एडिटिंग आपोआप गळून पडतं.

कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर जे समोर दिसेल त्याला मध्यम करड्या रंगाचं समजून चालतो. फ्रेमभर काळा कुत्रा असेल तर मीटरला वाटतं अंधार आहे, तो एक्स्पोजर (आत घ्यायचा उजेड) वाढवतो आणि कुत्रा राखाडी. कुत्रा फ्रेममध्ये छोटा आणि मागे ऊन असेल तर मीटर मागचा उजेड बघून एक्स्पोजर पाडतो आणि तुमचा तो डांबराचा गोळा होतो. म्हणजे उपाय दोन उलट दिशांचे आहेत. फ्रेम भरली असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन मायनस पाऊण ते मायनस एक, मागे उजेड असेल तर प्लस, किंवा सरळ स्पॉट मीटरिंग (एका ठिपक्यापुरतं माप) लावून त्याच्या अंगावरचं माप घ्या आणि त्यातून मायनस एक करा, नाहीतर पुन्हा राखाडी. पांढऱ्याला नेमकं उलटं, त्या राजगडवालीचे फोटो मळकट आले असतील तर प्लस एक द्यायला हवं होतं.

उन्हात काढू नका. गेटपाशी जिथे वर छप्पर आहे आणि एका बाजूने मोकळा उजेड येतो ना, तिथे छपराच्या कडेला बसवा. काळ्या केसांवर उजेडाची जी चकाकी येते तिच्यामुळेच नाकाडाचा उंचवटा, गालाचा खळगा कळतो. समोरून सपाट उजेड दिला तर सगळं एक. फ्लॅश तर नकोच, कुत्र्याच्या डोळ्यात मागे आरशासारखा एक थर असतो त्यामुळे डोळे हिरवे-पिवळे चमकतात आणि रेड-आयवालं टूल तिथे काही कामाचं नाही, ते लाल शोधत बसतं.

लेन्स: ३५ एमएमने जवळून काढला असेल तर नाक मोठं आणि कान लहान दिसले असतील. ओळख पटली नाही त्यात याचाही हात असू शकतो बरं का, माणसाचाही चेहरा जवळून वाइडने असाच बिघडतो. १८-१४० लावा, १०० च्या आसपास ठेवा आणि तीन-चार मीटर मागे जा. अ‍ॅपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं ते) ५.६ चालेल, कुत्र्याचं नाक आणि डोळे यात चांगलं चार बोटं अंतर असतं, १.८ ला तोंड जास्त उघडं, डोळा शार्प मिळाला तर नाक गेलं. फोकस एकच पॉइंट, तो जवळच्या डोळ्यावर. नवीन मिररलेस कॅमेऱ्यांमध्ये प्राण्यांचा डोळा आपोआप पकडतात, आपल्या डी५६०० मध्ये ते नाही आणि लाइव्ह व्ह्यूचा फोकस हळू आहे, त्यामुळे स्क्रीन उघडून काढण्यापेक्षा पोटावर झोपून व्ह्यूफाइंडरला डोळा लावा. शटर ५०० च्या (सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या) खाली नको, मान झटकतात.

आणि रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाईल) काढा. तुमच्या कॅमेऱ्यात १४ बिट रॉ आहे म्हणजे प्रत्येक रंगाच्या १६३८४ पायऱ्या, जेपेगमध्ये फक्त २५६. काळ्या केसांतला तपशील त्या खालच्या पायऱ्यांमध्येच दडलेला असतो, जेपेगला शॅडोज (गडद भाग) वर ओढल्या की नुसते डाग निघतात.

आकाशगंगेबद्दल एक सांगतो, राग मानू नका. तुम्ही फोटो टाकलाय तो मोठा करून डोळ्यात बघा. बुबुळात निळं आकाश आहे, ढग आहे, खाली टोपी घातलेला माणूस आहे, म्हणजे तुम्हीच. बाहेर रात्र आणि डोळ्यात दुपार. राजगडच्यात पण तेच, धुक्यातला उजेड सगळीकडून सारखा येतो, सावली पडतच नाही, आणि मागे मात्र एका बाजूने तळपता सूर्य. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही पण काहीतरी खटकतं.

पाऊलखूण

घाटवाट दादा, मी इकडे पुण्यात भटक्या कुत्र्यांच्या दत्तकाचं थोडंफार काम करते, फोटो काढणं त्यातलाच भाग, म्हणून लिहितेय.

तुम्ही कान "फाटलेला" म्हणालात. मूळ फोटो परत बघा. कडेला इंग्रजी व्ही सारखी सरळ कापलेली खाच आहे की टोक सपाट छाटलंय? असं असेल तर तो फाटलेला नाही. नसबंदी करताना भूल दिलेली असतानाच कानाला ती खूण करतात, म्हणजे लांबूनच कळावं की याचं ऑपरेशन झालंय आणि त्याला पुन्हा पकडून पुन्हा टेबलावर घेऊ नये. त्याच वेळी रेबीजची लसही देतात, आणि नियमाप्रमाणे सहसा जिथून उचललं तिथेच परत आणून सोडावं लागतं. म्हणजे त्या एका खाचेत काळ्याची अख्खी कागदपत्रं आहेत. काका त्याला गावी नेणार आहेत ना, तिथे कोणी विचारलं तर काका आधी कानच दाखवतील. तीच तुम्ही भरून काढलीत.

चिडून नाही लिहीत, मी पण सुरुवातीला हेच केलंय. एका काळ्या पिल्लाचा फोटो मी इतका गोड करून टाकला होता, डोळे मोठे, केस रेशमी, की नाशिकहून एक जोडपं गाडी करून आलं आणि प्रत्यक्ष पिल्लू बघून एकमेकांकडे बघायला लागलं. नेलं नाही त्यांनी. पिल्लू माझ्या मांडीवर बसून शेपूट हलवत होतं तेव्हा. तेव्हापासून माझं ठरलंय, गळ्यातली दोरी काढीन, मागची कचराकुंडी काढीन, डोळ्यातली घाण सुद्धा काढीन कारण ती उद्या पुसली की जाणारच आहे. पण जे उद्याही त्याच्या अंगावर असणार आहे ते काढायचं नाही, मग तो व्रण असो, खाच असो की एक डोळा नसो.

काळ्या कुत्र्यांना घर मिळायला वेळ लागतो हा आमचा रोजचा अनुभव, आणि त्यात फोटोचा दोष मोठा असतो, चेहराच दिसत नाही त्यांचा. त्यामुळे रॉ_फाईल यांचा प्रतिसाद मी ग्रुपवर जसाच्या तसा पाठवतेय.

अजून एक. फोटो काढताना तो घाबरलेला नाही ना हे बघा. झोप आलेली नसताना जांभई देणं, सारखी जीभ नाकावरून फिरवणं, मान वळवून डोळ्याच्या कडेचं पांढरं दाखवत बघणं, म्हणजे त्याला ते काळं भिंग आपल्यावर रोखलेलं नकोय. माणसांना असले फोटो गोड वाटतात, मला बघवत नाहीत. समोरासमोर बसू नका, तिरके बसा, कॅमेरा आधी जमिनीवर ठेवून त्याला हुंगू द्या. लक्ष वेधायला चेंडू न्यायचा तर निळा किंवा पिवळा न्या, त्यांना लाल रंग नीट दिसत नाही, गवतातला लाल चेंडू त्यांना हरवल्यासारखाच. आणि काकांना शेजारी उभं करा! तो ज्याच्याकडे बघतो तो माणूसच नसेल फ्रेमच्या बाहेर तर तसं बघणं कुठून येणार.

काळंपांढरं

वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम. मी फिल्मच्या काळातला माणूस, बाथरूमच्या काचेला काळा कागद लावून प्रिंट केलेत, तेव्हा माझे दोन शब्द.

एडिटिंगला कमी लेखू नकोस मित्रा. डार्करूममध्येही आम्ही हाताची सावली धरून चेहरा उजळायचो, कोपरे जाळायचो, तुझ्या डॉज आणि बर्नची नावं तिथलीच आहेत. आकाशगंगाही लाव की हवी तर, चित्र म्हणून लाव, खाली तसं लिही. कल्पनेचं चित्र आणि कोणाच्या तरी कुत्र्याचं पोर्ट्रेट ही दोन वेगळी कामं आहेत, दोन्हीला एकच हात लावलास तिथे गोंधळ झाला असं मला वाटतं.

एलियट अर्विटचे फोटो बघितले नसशील तर जरूर बघ. मॅग्नम या फोटो एजन्सीचा मोठा फोटोग्राफर, २०२३ मध्ये गेला, आयुष्यभर कुत्रे टिपत आला. त्याचा १९७४ चा न्यूयॉर्कचा एक फोटो आहे, टोपी घातलेला एवढासा चिहुआहुआ, शेजारी मालकिणीचे फक्त बूट आणि पलीकडे ग्रेट डेन या धिप्पाड कुत्र्याचे नुसते पुढचे पाय. कॅमेरा त्या एवढ्याशा कुत्र्याच्या डोळ्याच्या उंचीवर आहे, बस्स, सगळी करामत तेवढीच. कुत्र्याने बघावं, उडी मारावी म्हणून हा गृहस्थ स्वतः भुंकायचा म्हणे. काढण्याची जागा बदलली की एडिटिंगला फार काही उरत नाही.

आता जे सांगायला खरं तर आलो ते. आमची राणी तेरा वर्षं होती आमच्याकडे. शेवटच्या वर्षी तिचा फोटो काढला, नाकाडापासून डोळ्यापर्यंत सगळं पांढरं झालं होतं. मोठा करायला दिला तेव्हा मीच स्टुडिओवाल्यांना म्हटलं, तोंडावरचं पांढरं जरा कमी करा, तरुण दिसू दे. त्यांनी छान करून दिलं. ती गेल्यावर तो फोटो हॉलमध्ये लावला आणि बायकोने चौथ्या दिवशी उतरवला. म्हणाली, मी जिला रात्री उठून औषध देत होते ती ही नाही. निगेटिव्ह पुढे घर बदलताना गहाळ झाली. आज ते पांढरं तोंड माझ्याकडे कुठेच नाही.

काळ्याच्या हनुवटीवरचे पांढरे केस परत आण. सात-आठ वर्षं काका भाकरी घालतायत म्हणजे ते केस काकांच्या डोळ्यांदेखत पांढरे झालेत.

माणदेशी

भारी धागा. आमच्याकडे माणदेशात मेंढरामागं करवानी कुत्री असतात, लांब पाय, पोट आत गेलेलं, तोंड निमुळतं. मुधोळची म्हणून जी नावाजलेली आहेत तीच जात, २००५ मध्ये पोस्टानं तिकीट पण काढलंय त्यांचं. वाइड लेन्सनं समोरनं काढली की नुसतं नाकच दिसतं मागं कुत्रं हाय का न्हाय कळत नाही, कडेनं काढावीत, धावताना १५०० च्या वर शटर, संध्याकाळी मेंढरं परतताना धुळीतनं ऊन आलं की बघायलाच नको.

फिरस्त्या फोटोग्राफरना एवढंच सांगणं की कळप आणि कुत्रं यांच्यामधी कधी जायचं नाही, वाघर (मेंढरांभोवतीची जाळी) लावलेली असंल तर लांबनंच मामाला, म्हंजी मेंढपाळाला, हाक मारायची, तो कुत्र्याला नावानं बोलला की मग कॅमेरा काढायचा. हिमालयात मेंढपाळांच्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे असतात बिबट्यानं मान धरू नये म्हणून, ते फोटोत खटकतं म्हणून एकानं पुसलेलं मी बघितलंय. आमच्या थोरल्याच्या हातानं घडवलेला असा पट्टा कुणी पुसला असता तर लई वाईट वाटलं असतं.

घाटवाट

सगळ्यांचे मनापासून आभार, तीन दिवस लिहिलं नाही कारण तेच करत होतो.

पाऊलखूण ताई, मूळ फाईल मोठी करून बघितली. सरळ व्ही आहे, अगदी कात्रीने कापल्यासारखी. सात वर्षं रोज त्याच्यासमोरून जातोय आणि मला वाटायचं कुठेतरी भांडणात फाटला असेल.

रविवारी सकाळी परत गेलो. गेटच्या छपराखाली कडेला, १०५ एमएम, ५.६, शटर ५००, फ्रेम भरली होती म्हणून मायनस पाऊण. मी पोटावर पडलो होतो, काका माझ्या डाव्या खांद्यामागे डबा घेऊन उभे. पहिले वीसेक फोटो वाया गेले, सारखी जीभ फिरवत होता, मग कॅमेरा खाली ठेवला, त्याने लेन्सवर नाक टेकवून एक ओला ठसा उमटवला, तो पुसला आणि मग काका नुसते "काळ्या" म्हणाले. मोठ्याने नाही, रोज म्हणतात तसं. त्याने कान मागे घेतले आणि वर बघितलं, तो एकच फोटो.

एडिटमध्ये: शॅडोज थोड्या वर, व्हाइट बॅलन्स जरा उबदार केला कारण छपराखाली निळसर येत होतं, मागे स्कूटरचा आरसा चमकत होता तो काढला. पाठीवरचं तांबूस तसंच ठेवलंय, काकांनी सांगितलं की ते उन्हाने होतं, पावसाळ्यानंतर परत काळा होतो. डोळ्यांना हातही लावला नाही, झूम केलं तर बुबुळात काका दिसतात, डबा पण दिसतो. पंधरा मिनिटांत संपलं.

मोबाइलवर दाखवला. या वेळी काही बोलले नाहीत, दोन बोटांनी मोठा करून थेट कानावर गेले. मग सांगायला लागले की त्याला गाडीतून नेला होता तेव्हा तीन दिवस गेटवर नव्हता, चौथ्या दिवशी परत आणून सोडला तर टेबलाखाली जाऊन बसला आणि संध्याकाळी काकांच्या चपलेवर डोकं ठेवून झोपला. हे त्यांनी मला सात वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

काळंपांढरं काका, या फोटोत पांढरे केस तसेच ठेवलेत, मोजून सगळे. राणीचं वाचून आईला पण वाचून दाखवलं.

राजगडवालीचा धुक्यातला फोटोही मूळ काढून बघितला. सूर्योदय काढून टाकलाय. मागे काहीच दिसत नाही, ती तेवढी माचीच्या कडेला, आणि हनुवटीखाली गवताची हिरवी झाक पडलीय जी मी मागे पुसली होती. तेवढीच ठेवू ना? की थोडी कमी करू?

रॉ_फाईल

ठेवा, पण मास्क लावून (तेवढाच भाग निवडून) हिरव्याचं सॅच्युरेशन (भडकपणा) किंचित उतरवा, प्रिंटमध्ये हिरवं स्क्रीनपेक्षा जास्त अंगावर येतं. काळ्याचा प्रिंट ग्लॉसीवर नका घेऊ, समोर खिडकी आली की काळ्या भागात खिडकीच दिसत राहते. मॅट किंवा लस्टर (अगदी कमी चमकीचा) कागद घ्या, १२ बाय १८ ला २४ मेगापिक्सेल भरपूर. आणि आधी ४ बाय ६ चा एक छोटा नमुना काढून बघा, काळे केस स्क्रीनवर दिसतात तेवढे कागदावर उघडत नाहीत, शॅडोज अजून थोड्या वर न्याव्या लागतील.

पाऊलखूण

फ्रेमला काच लावू नका दादा, काकांना कानाला हात लावता येऊ दे.

घाटवाट

मॅट सांगितलंय, काचेशिवाय. नमुना उद्या मिळतोय.